मांडीवरची ओटी

परदेशातून सुट्टीवर आले की गावाकडची कामं माझी वाटच बघत असतात. बँक झाली, आधार झालं, वडील, म्हणजे आमचे दादा, गेल्यावर उताऱ्यावर आईचं नाव लावायचं राहिलं होतं तेही झालं. उरलं एकच, आणि खरं सांगते, तेच मला नकोसं होतं. श्रीरामपूरहून थेट तुळजापूरपर्यंत एसटीनं जायचं होतं. मागे मी जर्मनीत दवाखान्यात एकटी पडून होते, तेव्हा आई भवानीला ओटीचा नवस बोलली होती. आता तिचे गुडघे चालेनात आणि माझं विमान तोंडावर आलेलं. "ऑनलाइन पाठवता येतं गं," मी म्हणून पाहिलं. तिनं ऐकल्यासारखंसुद्धा केलं नाही. स्वतः निवडलेलं हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ पिशवीत भरून ती म्हणाली, "खाली ठिवू नगं. पार देवीपत्तुर मांडीवरच ने."

स्टँडवर पाऊल ठेवलं आणि माझी चिडचिड जरा निवळली. तिखटमीठ लावलेल्या पेरूंचा तोच वास, तीच ढकलाढकली. लहानपणी दादा मला उचलून खिडकीतून आत सोडायचे आणि मी दोघांची जागा अडवून ऐटीत बसायचे. दादांची फार आठवण आली. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. तिकडे मोबाईलवर जागा राखून फिरणारी मी, पण हात आपोआप वर गेला आणि जागा धरायला ओटीची पिशवीच खिडकीतून आत टाकली. पाटी नंतर वाचली. पुण्याची गाडी! दारातल्या गर्दीतून मला आत शिरता येईना. घंटी वाजली आणि गाडी निघून गेली.

मी तिथंच रडले, एवढी मोठी बाई. चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "सोलापूर गाडी लागली हाय, तिचाबी रस्ता त्योच. बसा तुमी." बसले. मांडी रिकामी होती. नवस आईचा, आणि तो माझ्या हातून वाया गेला होता. इतकी वर्षं देवीशी वाद घालणारी मी, डोळे मिटून एवढंच म्हणाले, "आता तुझं तूच बघ."

देवळाली प्रवराला गाडी थांबली. रस्त्याकडेला एक मावशी पिशवी पोटाशी धरून उभी होती आणि खिडक्यांकडे बघत ओरडत होती, "ओटी कुणाची हाय वो?" मी धडपडत खाली उतरले.

"तुमी पिशवी टाकली अन् गाडी सुटली, पायलं म्या," ती म्हणाली. "मांडीवरच घिऊन बसले हुते. देवीची ओटी, खाली कशी ठिवू? तुमी मागच्या गाडीनं याल म्हनून हितं उतरले." लेकीकडे पुण्याला निघालेली बाई माझ्यासाठी मधेच उतरली होती. "मला काय, मागून यील गाडी," म्हणाली. मी वाकून तिच्या पाया पडले. नाव विचारणार तोच कंडक्टरनं हाका मारायला सुरुवात केली.

सोलापुरात गाडी बदलून तुळजापूर गाठलं आणि संध्याकाळी ओटी भरली. देवीच्या चेहऱ्याकडे मी नीट बघूच शकले नाही, डोळे सारखे भरून येत होते. बाहेर येऊन आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "मांडीवरच नेलीस न्हवं?"

"हो आई, मांडीवरच आली."

कुणाच्या, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता परक्या देशात काही हातातून निसटलं की जीव पूर्वीसारखा घाबरा होत नाही. कुठल्यातरी थांब्यावर कुणीतरी ते पोटाशी धरून उभं असेल असं वाटतं, आणि मी निमूट पुढच्या गाडीत बसते.