वहिनीचं नाक

माझी वहिनी कॉफी विकते आणि मी जन्माचा चहा पिणारा. तरी तिच्या दुकानाचा गल्ला मीच सांभाळतो, कारण घरात रिकामटेकडा तेवढा मीच. दुकान म्हणजे पुढे तीन टेबलं आणि मागच्या खोलीत बिया भाजायचं यंत्र. प्रत्येक घाण्यात वहिनी आधी नाक खुपसते. वास पटला तर ठीक, नाहीतर अख्खा घाणा कचऱ्यात. तेव्हा जीव माझा तुटतो, तिचा नाही.

दादा, म्हणजे तिचा नवरा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा येतो. म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलने सकाळच्या नाश्त्याला आमची कॉफी घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा आम्हाला एकच ध्यास लागला. हे काम मिळालं की दादा ट्रक सोडून दुकानात बसणार होता.

हॉटेलचा मॅनेजर चव बघायला येणार, नेमकी तेव्हाच वहिनीला सर्दी झाली. दादा तिच्या कपाळाला बाम चोळत होता, मी वाफेसाठी पाणी तापवत होतो. तशातच तिने घाणा काढला. रंग सुरेख आला. आम्ही दोघा भावांनी एकेक घोट घेतला आणि फक्कड म्हणून मोकळे झालो. मॅनेजर येऊन बसला. वहिनी बाहेर आली ती रिकाम्या हाताने.

"माझं नाक बंद आहे," ती म्हणाली. "ज्याचा वास मलाच आला नाही, ते तुम्हाला कसं देऊ? बरी झाले की बोलावते."

तो बिचारा उठून गेला. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही बाई कपाळ धुवायला गेली! मी दिवसभर धुसफुसत होतो. दादा मात्र ट्रकची किल्ली बोटात फिरवत बसला, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

काही दिवसांनी नाक उघडलं. वहिनीने आधी त्याच घाण्याचा डबा उघडला आणि हसत सुटली. डबा तिने आमच्यापुढे धरला. कॉफी कसली, नुसता बाम घमघमत होता. कपाळावरचा बाम पुसलेल्या हातांनीच तिने यंत्रातून निघालेल्या गरम बिया परतल्या होत्या, आणि कॉफी शेजारचा वास लगेच उचलते. त्या दिवशी दुकानभर बामच, मग आम्हाला काय कळणार, कपाळ?

मॅनेजर पुन्हा आला. मी डोळ्यांनी खुणावत असतानाही वहिनीने त्याला सगळं सांगून टाकलं. तो पोट धरून हसला. नव्या घाण्याची कॉफी त्याने सावकाश प्यायली, आणखी एक कप मागून घेतला.

"उद्यापासून पाठवा," तो म्हणाला. "आणि शिंका आल्या तर कळवा."

आता दादा रोज घरी जेवतो. मी अजून चहाच पितो. आणि वहिनीला साधी शिंक आली, तरी भाजायच्या खोलीला कुलूप लावायला दादाच आधी उठतो.