मावसाजींचा समुद्रातला भाऊबंद

आमच्या मावसाजींइतका समुद्राचा जाणकार अख्ख्या वाशिम जिल्ह्यात नसेल. आणि साठी उलटेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, हेही तितकंच खरं. मेडशीत थोडी सोयाबीन-तूर, आणि रोज एसटीने मालेगावला जाऊन कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचराची नोकरी, असं त्यांचं आयुष्य. तिथल्या कपाटात एका उंच बरणीत एक लांबुळका मासा वेटोळं करून ठेवलेला होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी त्याचं नाव सांगितलं, मोरे ईल. मावसाजींचं आडनावही मोरेच. "म्हंजे भाऊबंदच झाला आपला," असं म्हणून त्यांनी ती बरणी पुसायला घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कुणाला तिला हात लावू दिला नाही. सरांची जाडी पुस्तकं विद्यार्थ्यांकडून वाचून घेऊन त्यांनी या भाऊबंदाची सगळी खबर मिळवली होती.

त्याला कुणी साप म्हटलेलं त्यांना खपत नसे. मालेगावच्या बसस्टँडवरचे फळवाले चाचा एकदा सहज तसं म्हणून गेले. मावसाजी गाडीत पाय टाकत होते, ते खाली उतरले. "चाचा, मासाच आहे तो. अंगावर खवलं नाही, बाजूले पर नाही, म्हून तसा दिसते. पांढुरकं अंग, त्याच्यावर काये ठिपके, बिबट्यावानी. दिवसभर खडकाच्या कपारीत राह्यते, मुंडकं तेवढं बाहीर."

"मंग तोंड काहून वासून राह्यते? चावाले?"

"दम घेते तो. तोंड उघडल्याबिगर कल्ल्यात पानी जात नाही. लोकाईले वाटते, रागावला."

घशातला दुसरा जबडा पुढे येऊन भक्ष्य कसं आत ओढतो, हे दाखवायला त्यांनी चाचांच्याच गाडीवरची दोन केळी गिळली. तोवर मेडशीच्या दोन गाड्या निघून गेल्या होत्या. चाचांनी केळ्यांचे पैसे घेतले नाहीत, पण पुन्हा तो विषयही काढला नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच मावसाजींना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशीने डोळ्याला पदर लावला. मावसाजींनी मला फोन केला. मी कोकणात किनाऱ्यावरच्या गावी नोकरीला. "तुह्या गावात मासे दाखवतात म्हनते. जिता मोरे आहे का तिथं?"

मी मत्स्यालयात जाऊन पाहून आलो. होता.

दोघं आठवड्याभरात आले. टाकीत नुसते खडक दिसत होते. रखवालदाराने दिलेल्या स्टुलावर मावसाजी काचेला नाक लावून बसले. तास गेला, दुसरा गेला. मावशी कंटाळून बाहेर चहा घेऊन आली. मग एका कपारीतून ठिपक्यांचं जाड डोकं पुढं आलं आणि तोंड उघडझाप करू लागलं. मावसाजींनी काचेवर तळहात ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बरणीत ठिपके पार विटले होते याचे."

शेजारी एक छोटी मुलगी वडिलांच्या मागं दडत म्हणाली, "बाबा, तो चिडलाय."

मावसाजी तिच्याकडं वळले. "नाही व माय. दम घेऊन राह्यला तो. भेऊ नको." तिनं पुढं येऊन पाहिलं. संध्याकाळी मी त्यांना समुद्रावर नेलं. मावशी गुडघाभर पाण्यात जाऊन हसत होती. मावसाजी मात्र खडक कोणत्या बाजूला आहेत, एवढंच विचारत होते.

आता त्यांना माणसांच्या नुसत्या सावल्या दिसतात. दर रविवारी मी टाकीपुढं उभा राहून त्यांना फोन लावतो आणि दिसेल ते सांगतो. गेल्या रविवारी दुपारी कपारीत काहीच नव्हतं. मला तसं सांगवेना. म्हणालो, "आहे मावसाजी, डोकं काढून बसलाय."

 पलीकडून ते हळूच म्हणाले, "दुपारचा आत झोपून असन तो, बाबू. पन तू सांगत राह्य. कसा दिसते?"

मी रिकाम्या कपारीकडं पाहत सांगत राहिलो.