विमानाच्या पंखाचे टाके

ये गं पोरी, जवळ बस, आणि नखांना ते रोगण लावायचं तर तुझ्या या खोलीची खिडकी तरी उघडावी माणसानं. पण या वासानं मला आपलं जळगावचं पत्र्याचं शेड आठवलं बघ, जिथं माझ्या धाकट्या दिरानं नकाशे मागवून, सात वर्षं खपून, वरखाली दोन पंखांचं, आभाळात कोलांट्या मारणारं विमान बांधलं होतं. पंखांवर कापड ताणून, टाके घालून, त्याला अश्शाच वासाचं रोगण फासलेलं, पण उडवायला आलेल्या पायलटनं बोटानं चाचपलं नि म्हणाला, "टाके ढिले आहेत, उलटं झालं की कापड सुटेल, मी बसणार नाही." मी म्हटलं, "भाऊजी, नवं कापड ताणा, टाके आम्ही घालतो." त्याची बायको, माझी जाऊ, हसली, "हाई इमान शे का गोधडी?" म्हणजे हे विमान आहे की गोधडी, पण बसली पंखाच्या पलीकडे, मी कापसाच्या गोण्या शिवायचा दाभण इकडून खुपसायची, ती ओढून परत पाठवायची, आणि दर टाक्याला वेगळी गाठ. आठ दिवसांत बोटं सोलली. मग त्याच पायलटला घेऊन धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान चढलं, पार उलटं झालं, तेव्हा जावेनं माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. आणि ते गोल फिरून सरळ झालं. उतरल्यावर पायलटनं टाके चाचपले, "वहिनी, एकही सरकला नाही." दीर सगळ्यांदेखत आम्हा दोघींच्या पाया पडला, नि जाऊ पाय मागे घेत म्हणाली, "उठा, लोक बघताहेत." आता डोळे सुईत दोरा ओवू देत नाहीत, पण विमान अजून उडतं, तुला त्यात बसवायचंय, तेव्हा दिवाळीची वाट न बघता लवकर ये जळगावला.