परातीतले तीन साहेब

आमच्या वरच्या मजल्यावर घरमालकीण अक्का राहतात, त्यांना एरवी कुणी काही विचारू नका, पण पूर आला की अख्खं बेंगळुरू त्यांच्या ताब्यात देऊन टाका, मी सांगते ना. बाईंना दोघांनी तिसऱ्याच्या तोंडून बोललेलं खपतच नाही. दूधवाल्याचं पेपरवाल्याशी वाजलं की दोघांना पायरीवर शेजारी शेजारी बसवणार आणि म्हणणार, "एकमेकांच्या तोंडावर बोला, मला निरोप्या करू नका." माझा नवरा होसकोट्याला कंपनीत जातो, एकदा आमचं आमटीच्या मिठावरून वाजलं तर आम्हालाही बसवलं. मीठ राहिलं बाजूला, आम्ही दोघं त्यांच्याच भीतीनं एक झालो.

तर त्या दुपारी येलहंक्यात आमच्या गल्लीत तळ्याचं पाणी शिरलं. मी खालच्या खोलीत, बाळाला घेऊन खाटेवर उभी, आणि दारासमोर विजेची तार तुटून पाण्यात पडलेली. वरचा जिना बाहेरून, जाते कशी? बंबवाले होडी घेऊन कोपऱ्यावर आलेले, पण करंट बंद झाल्याशिवाय पाण्यात पाय घालणार नाहीत. वीजवाला साहेब म्हणे, त्याच लायनीवर पालिकेचा पाणी उपसायचा पंप आहे, पालिकेनं सांगू दे. पालिकावाला म्हणे, बंबवाल्यांनी मागायला पाहिजे. बंबवाला म्हणे, आमचं काम माणसं काढायचं, फोन करायचं नाही!

अक्कांनी काय करावं? आपल्या नवऱ्याचे, म्हणजे काकांचे, दोन आणि आपला एक असे तीन फोन स्पीकरवर लावले आणि स्टीलच्या परातीत ठेवले. असा आवाज घुमला की मला खाली शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तिघंही लायनीवर आहात. आता आपसात बोला."

"कोण, पालिका? सकाळपासून फोन उचलत नाही तुम्ही!" वीजवाला उसळला.

"तुम्ही केलात कधी?"

"भांडण नंतर!" अक्का कडाडल्या. "खाली लेकरू आहे. पंप थांबला तर काय होईल?"

"पाणी स्वल्प चढेल, अम्मा."

"बंबवाले, तेवढ्यात काढाल?"

"काढतो."

"मग वीजवाले, मुहूर्त बघताय का?"

"अम्मा, उद्या जाब मला एकट्यालाच विचारतील."

मग पालिकावाला म्हणाला, "तिघांनी मिळून ठरवलं म्हणून सांगा. माझं नाव घाला."

"माझंपण," बंबवाला म्हणाला.

करंट गेला. पंप थांबला तसं पाणी गादीवर चढलं, मला देवाचं नाव आठवेना, नुसती अक्का अक्का ओरडत होते. तेवढ्यात बंबाचा माणूस कमरेभर पाण्यातून आत आला, त्यानं बाळाला खांद्यावर घेतलं, माझा हात धरला आणि आम्हाला वर नेऊन सोडलं.

वर पोरगी अक्कांच्या कुशीत गेली तशी झोपली. आणि परातीतून आवाज येतच होते, "अम्मा? मूल कसं आहे? अम्मा?" तिघांतल्या एकानंही फोन ठेवला नव्हता. तीन साहेबांना झापणाऱ्या अक्का, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते ओठ हलत होते. मला खुणेनं म्हणाल्या, तू सांग.

मी परातीवर वाकले, माझ्या मोडक्या कन्नडात म्हणाले, झोपलीय.

मग एकजण हळूच, जणू ती जागी होईल म्हणून, म्हणाला, "सरी, बरं, अम्मा. झोपू दे."