कोरी चौकट

रहिमतपुरातल्या सेवा केंद्राचा हा माणूस सर्व्हर बंद पडला की ब्राउझरमध्ये बोलिंग खेळतो, पण गुण स्वतः कागदावर मांडतो. एका चेंडूत दहाही पिना पडल्या की त्या फेरीची चौकट कोरी ठेवतो. "म्होरच्या दोन चेंडूंचे गुण बी हितंच धरत्यात. ते पडू द्यात, मग लिवायचं." मला त्याचा रागच यायचा.

परवा आईच्या हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख होती. हळद निवडून झिजलेला तिचा अंगठा मशीन घेईना, त्यात सर्व्हर गेला. हा खेळायला बसला. कधी नव्हे असा डाव जमला. शेवटच्या चौकटीतही दहाच्या दहा पिना पडल्या आणि सर्व्हर आला. उरलेले दोन चेंडू न टाकताच त्यानं खेळ बंद केला.

"आवं मावशी, अंगठा ऱ्हाऊ द्या, करंगळी ठेवा."

मशीननं करंगळी घेतली. माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या कागदावरची शेवटची चौकट मात्र कोरीच राहिली.