स्लिप गेजला लावलेला टिळा

कारखान्यातल्या सगळ्यात महागड्या मोजमापाच्या ठोकळ्याला मी एकदा कुंकू लावलं आणि तो मारला. झाशीतल्या त्या टूलरूममध्ये मी नवी इन्स्पेक्टर होते. नोकरी प्रोबेशनवर होती, अक्कलही.

स्लिप गेज म्हणजे पोलादाचे ठोकळे, आरशासारखे घासलेले. दोन ठोकळे एकमेकांवर सरकवून दाबले की डिंकाशिवाय चिकटतात. असे जोडून हवं ते माप रचायचं आणि मायक्रोमीटर खरं बोलतो का ते त्यावर तपासायचं.

विश्वकर्मापूजा होऊन गेली होती. तिथे टिळा लावतात तो मशीनच्या अंगाला. पण आम्ही पडलो मराठी, हत्यारं पुजणार खंडेनवमीला! मानिक चौकातून ताजं कुंकू आणलं. वीस मिलिमीटरचा ठोकळा सगळ्यात देखणा, म्हणून ओल्या बोटाने त्याला टिळा लावला. तोही नेमका मोजायच्या तोंडावर, म्हणजे आरशासारख्या घासलेल्या बाजूवर. बाकीच्यांना नुसता नमस्कार. पेटी बंद केली आणि दसऱ्याच्या सुट्टीवर गेले.

सुट्टीनंतर ग्राहकाचा इन्स्पेक्टर माल तपासायला येणार होता. सकाळी पेटी उघडली. स्पिरिटने कुंकू निघालं, खालचा गंजाचा खड्डा निघेना. ठोकळा कशालाच चिकटेना. फोरमन सक्सेनाजी मागे उभे.

"ये क्या है?"

"टीका, साहब. कल-परसों नवमी थी."

"और आज इसकी तेरहवीं? माल रुका तो तुम्हारी भी."

मायक्रोमीटर तपासायचं पंचवीसचं माप एरवी वीस आणि पाच जोडून होतं. मी दहा, नऊ आणि सहा जोडले. जितके सांधे जास्त, तितकी चुकीला जागा जास्त. म्हणून प्रत्येक तोंड तीनतीनदा पुसलं.

ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने आल्या आल्या एका नजरेत ओळखलं. "बीस कहाँ गया?"

सक्सेनाजी छताचा पंखा बघायला लागले. हरवला म्हणावंसं फार वाटलं. पण एका ठोकळ्याबद्दल खोटं सापडलं, की अख्ख्या पेटीवर कोण विश्वास ठेवणार? सगळं सांगितलं, कुंकवासकट. तो हसला नाही. आमचा मायक्रोमीटर लावला, मग बॅगेतून स्वतःचा काढून लावला. दोन्ही पंचवीसवर.

माल पास झाला. ठोकळा भंगारात गेला, मी राहिले. धडा एवढाच, की मोजायच्या तोंडाला भक्तीचंसुद्धा बोट लावू नये.

इन्स्पेक्टरची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सक्सेनाजी म्हणाले, "बिटिया, अगली नवमी को टीका हमारे माथे पर लगा देना. हमें तो ज़ंग कब का लग चुका है."