मुंग्या अडवणारा पाडेकरी

अन्याय झाला तो बाबू पाडेकऱ्यावर. १९३१ सालच्या कार्तिक वद्य द्वितीयेला, सकाळी दहाच्या सुमारास, बोर्ली पंचतनच्या भर बाजारात त्यांच्या डाव्या मनगटावरचा काथ्याचा दोरा कात्रीनं कापला गेला. त्या दोऱ्यानं ते स्वतःला येणारं फेफरं अर्ध्या वाटेत अडवत. कापणारं सुधारणा मंडळ आमचं होतं आणि कात्री माझ्या हातात होती. आजवर दुसऱ्यांचे गुन्हे छापताना मी नाव, तिथी, जागा कधी गाळली नाही. आपली पाळी आल्यावर गाळणं बरं नव्हे.

बाबूकाका नारळ-सुपाऱ्या पाडत. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, बारीक; मनगटाएवढी नसली तरी मांडीपेक्षा जाड नाही. शेंड्यापाशी पोचले की ते तिला झोका देत आणि झोक्यासरशी पलीकडची पोफळ धरत. सकाळी बागायतदार आबांच्या वाडीच्या एका टोकाला वर गेलेला माणूस जेवणवेळेला दुसऱ्या टोकाला उतरायचा. वरून गावाच्या बातम्या मिळत. "आबा, पोस्टाचा मानूस येतोय, पन हातात पत्र न्हाय." "वैनी, म्हशीनं तुमचं लुगडं धरलंय बगा." घड सोडण्याआधी मात्र तीनदा विचारणार, "खाली कोन हाय?" आम्ही वाडीतली मुलं मुद्दाम उत्तर देत नसू. मग ते घड तसाच धरून बसत, शिव्या देत नसत, सोडतही नसत.

दोऱ्याबद्दल गावात दोन मतं होती. मुसलमान शेजारी म्हणत तो पिराचा आहे, आमच्यातले म्हणत पालीहून गणपतीचा आणलाय. दोघांनाही बाबूकाका "व्हय" म्हणत. खरं एकट्या श्रीवर्धनच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. बाबूकाकांच्या डाव्या करंगळीत अधूनमधून मुंग्या येत. त्या मनगटाकडे, कोपराकडे चढत आणि खांद्याच्या वर गेल्या की माणूस शुद्ध हरपून हातपाय झाडू लागे. तरुणपणी असं चार-पाचदा झालं, नशिबानं जमिनीवर. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. त्यांनी स्वतः दंडाला चिमटे काढून पाहिले, लिंबू चावून पाहिलं, आणि शेवटी हा दोरा शोधून काढला. सरकगाठ होती. मुंग्या करंगळीत असतानाच दोऱ्याचं टोक दातांनी ओढायचं, मनगट करकचून आवळायचं. वेळेवर आवळलं तर मुंग्या आल्या वाटेनं परत जात. ज्या दिवशी सकाळी मुंग्या आल्या त्या दिवशी ते झाडावर चढत नसत, पोट दुखतंय म्हणून सांगत. आबा त्यांना आळशी म्हणायचे.

डॉक्टर तरुण होते, वाचणारे होते. त्यांनी आधी दोऱ्यावर विश्वास ठेवला नाही. ब्रोमाईडचं औषध दिलं आणि वर गूळ सोडायला सांगितला. पंधरा दिवसांनी बाबूकाका गेले ते सांगायला की औषध घेतलं, गूळ सोडला नाही. डॉक्टर चिडले. बाबूकाका म्हणाले, "दोन बदललं तर कंचं लागलं ते कसं कळनार सायब? गूळ म्होरल्या म्हयन्यात." डॉक्टर मला पुढे म्हणाले की शिकताना हे वाक्य त्यांनी एका फार मोठ्या प्रोफेसरांकडून ऐकलं होतं, आणि तेही इतकं सोपं करून नव्हे.

तेव्हापासून दोघांचं जमलं. मुंबईहून नव्या गोळ्या आल्या त्या बाबूकाकांनी घेऊन पाहिल्या. "मुंग्या निजल्या," त्यांनी सांगितलं, "पन मी बी निजलो. झाडावर दोगं निजून कसं चालंल?" परदेशात काही डॉक्टर फेफऱ्याच्या रोग्याला उपाशी ठेवतात, मग भात-भाकरी बंद करून नुसतं तूप-लोणी चारतात, हेही डॉक्टरांनी वाचलं होतं. बाबूकाका म्हणाले, "उपास आमच्याकडं हायेच. तुपाचं तेवडं तुमी बगा." तरीही काही दिवस भात सोडून ओला नारळ आणि मासळीवर राहिले. मुंग्या कमी झाल्या, पण पायांतलं बळ गेलं आणि झाडावर चढवेना. शेवटी डॉक्टरांनी वही घातली आणि दोऱ्याचीच नोंद ठेवायला लागले. मुंग्या कुठवर आल्यावर आवळलं, मागे फिरल्या की नाही. बाबूकाका आठवड्याच्या आठवड्याला येऊन सांगत आणि फसलेलंही लपवत नसत.

त्याच काळात मी 'गंडेदोरे तोडा' हे पत्रक लिहिलं. चार पानं, एका आण्याला. भाषा माझी होती म्हणून सांगतो, जोरदार होती. बोर्लीच्या बाजारात आम्ही सभा लावली, लोक पुढे येऊन दोरे कापून घेऊ लागले आणि मला मागे उभे असलेले बाबूकाका दिसले. गावातला सगळ्यात उंच चढणारा माणूस. त्याचा दोरा कापला की बाकीचे आपोआप येतील, असा माझा हिशेब. मी त्यांना नावानं हाक मारून पुढे बोलावलं.

त्यांनी कात्री पाहिली, मग मला पाहिलं. "तूच कापनार काय?"

"हो काका. हात पुढे करा."

"ह्यो ऱ्हाऊ दे रे बाळा," ते हळूच म्हणाले.

मी ते सगळ्यांना ऐकवलं. भीती कशी मुळापर्यंत जाते ते पाहा, म्हणालो. लोक हसले. कुणीतरी विचारलं की झाडावर बाबूला पीर धरून ठेवतो की गणपती. बाबूकाकांनी हात पुढे केला. "काप. कातडीला लागू देऊ नको."

टाळ्या पडल्या. पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मी त्यांचं नाव घातलं. पुढचे दोन महिने मुलं झाडाखाली उभी राहून ओरडत, "काका, दोरा कुठाय?" आणि ते वरून रिकामं मनगट दाखवत. त्यात अभिमान आहे असं मला वाटलं.

पौषात, आबांच्या वाडीत, सुपारीच्या ऐन पाडणीत मुंग्या आल्या. त्यांनी मनगट दातांत धरलं, मांड्यांनी पोफळ कवटाळून घसरत खाली आले, आणि दीड पुरुष उंचीवर शुद्ध गेली. मांडीचं हाड मोडलं. आबांनी झटका डोळ्यांनी पाहिला आणि तिथेच सांगितलं की यापुढे हा माणूस माझ्याच काय, कुणाच्याच वाडीत पाय ठेवणार नाही.

डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं आणि वही पुढ्यात ठेवली. ओरडले नाहीत. मेंदूत एका जागी गडबड सुरू होते आणि पसरते, म्हणाले; तोच हात करकचून आवळला तर ती कधीकधी पसरायची थांबते; का थांबते ते नक्की मला माहीत नाही, म्हणूनच लिहीत होतो. मी वही वाचली. कार्तिकानंतरची पानं कोरी होती.

बाबूकाका घरी खाटेवर पडून होते. मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं.

"बाजारात बोलायचं, माज्या डोक्यात झटका येतो म्हनून? आबांनी झाडावर चढू दिलं आसतं काय? म्हटलं दोरा जाईल, झाड तरी ऱ्हाईल." मग म्हणाले, "घरी दुसरा वळला होता. पन तू माजं नाव छापलंस. तुला खोटं कसं पाडायचं?"

मांडी वाकडीच सांधली. ते अंगणात सुपारी सोलत, मनगटावर नवा दोरा, आता उघड. वही पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी सगळं व्यवस्थित लिहून मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवलं. तिकडून उत्तर आलं की मजकूर रोचक आहे, परंतु एकाच रोग्याचा आहे. आणखी रोगी असल्यास कळवावे. म्हणून मी आणि डॉक्टर बोर्लीपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघर फिरलो. ज्या घरात फेफरं आहे असं सारा गाव जाणतो, त्या घराच्या पायरीवर आम्हाला पाणी मिळालं, चहा मिळाला, आणि "आमच्यात कुणी नाही" हे उत्तर मिळालं. एका घरात मागच्या खोलीची कडी आमच्यादेखत लावली गेली.

गेल्या भाद्रपदात बाबूकाका तापानं गेले. मी भेटायला गेलो की एकच विचारत, "दुसरा कोन मिळाला काय?" शेवटल्या वेळीही विचारलं. मी नाही म्हणालो.

वाचकहो, तो दुसरा तुमच्या घरात आहे, नाहीतर शेजारी. तुम्हाला त्याचं नावही माहीत आहे. उद्या सकाळी त्याच्याकडे जा. उपाय सांगू नका, अंगावरचं काही काढू नका, कामावरून काढू नका. झटका कुठून सुरू होतो आणि तो अडवायला तू काय करतोस, एवढं विचारा, तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि तो कागद श्रीवर्धनच्या दवाखान्यात नेऊन द्या.